लाटेवरचा रबरी बेडूक

डोल्हाऱ्याच्या पुलावर गाडी थांबवून खाली पैनगंगेकडे पाहिलं, की एकाच पाण्यावर दोन राज्यांचा हक्क दिसतो आणि दोन राज्यमाशांचाही. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं. तिकडच्या पाटणबोरीच्या माणसाला ते दिसलंच तर बर्फात झोपलेलं दिसणार. अलीकडचा काठ आदिलाबादचा. तेलंगणाचा राज्यमासा कोर्रमीनू, म्हणजे आपली मरळ. ती इथे खरोखर राहते: नदीच्या डोहात, सातनाल्यात, मत्तडीवागूच्या जलाशयात, गावोगावच्या चेरूत म्हणजे तळ्यांत आणि भाताच्या बांधालगतच्या चिखलातसुद्धा. महाराष्ट्राने गोड्या पाण्यातून निवड केली असती तर पैनगंगेवरचं भांडण मिटलं असतं, असं मला उगाच वाटतं.

मरळ पाण्याच्या वर येऊन हवा घेते आणि वर दिसणाऱ्या बेडकावर, उंदरावर, सरड्यावर झडप घालते. म्हणून गळवाल्यांच्या बोलण्यात तरंगत्या ल्युअरचा विषय निघाला की तो मरळीवरच येऊन थांबतो. ल्युअर म्हणजे नकली आमिष: लाकडाचं, प्लास्टिकचं, रबराचं. सकाळच्या आरशासारख्या पाण्यावर ते कसं चालवायचं, हे मोबाइलवर पाहून आता दहावीतला पोरगाही शिकतो. अडचण येते वारा सुटल्यावर. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर वावटळी येतात आणि जूनपासून नैर्ऋत्येचा वारा दिवसभर थांबत नाही. नोकरदार माणसाला सुटी रविवारीच, आणि रविवार वाऱ्याला विचारून येत नाही. मग पाणी डचमळत असताना तरंगतं आमिष टाकावं का, आणि टाकायचं तर कोणतं, हा प्रश्न उरतो. गेली काही वर्षं मी या प्रश्नावर पैसे आणि सुट्या दोन्ही घालवल्या आहेत. इतरांनी घालवलेलेही जवळून पाहिले आहेत.

आधी लाट मोजू. वाऱ्याची लाट तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, किती वेळ वाहतोय आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर धावतोय. अर्धा किलोमीटर रुंदीच्या चेरूवर ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर लाट दोन-तीन बोटं उठते. तिला लाट म्हणणंही जड आहे, लहरच ती. तोच वारा ताशी ३० चा झाला आणि पाण्याचा पट्टा दोन किलोमीटरचा मिळाला, तर लाट वीतभर होते किंवा वितीला थोडी कमी. दोन शेंड्यांमधलं अंतर तेव्हा साधारण चार मीटर असतं आणि दर दीड सेकंदाला नवी लाट येते. श्रीरामसागर जलाशयाच्या उत्तर काठावर, जिथे वाऱ्याला दहा किलोमीटर मोकळं पाणी मिळतं, तीच लाट जवळजवळ हातभर होते. वाऱ्याचा जोर मोजायला यंत्र लागत नाही. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये जी मोजपट्टी आखली, तिला पुढे जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या आणि त्या आजही उपयोगी पडतात. पानं नि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर तिसरा अंक. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले की चौथा. तिसऱ्या अंकापर्यंत तरंगत्या ल्युअरला अर्थ आहे. चौथ्याला लाटांच्या डोक्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस फुटतो, तेव्हा मी पेटी उघडतो ती दुसऱ्या कामासाठी. ते पुढे येईलच.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. कोकणातली किंवा परदेशातली समुद्रावरची चित्रफीत पाहून माणूस म्हणतो, ते मीटरभर लाटेत पाणी थुंकणारा पॉपर चालवतात, मग आपल्या वीतभर लाटेचं काय कौतुक? समुद्रात दुरून आलेली मीटरभर उंचीची लाट शंभर-सव्वाशे मीटर लांब असते. तिच्यावर ल्युअर आरामात चढतो आणि उतरतो, जसा बैल चढाव चढतो. आपल्या जलाशयातली वीतभर लाट चारच मीटर लांब. उतार मोजला तर ती समुद्राच्या लाटेपेक्षा पाच-सहा पट उभी निघते. सहा सेंटिमीटरचा रबरी बेडूक तिच्या उभ्या अंगावर उलथा होतो, शेंड्यावर हवेत येतो आणि पुढच्या खळग्यात तोंडावर आपटतो. समुद्रावरचा सल्ला तळ्यावर चालत नाही त्याचं हे साधं कारण. तिथले पॉपर शंभर-दीडशे ग्रॅमचे आणि दांडी तशीच. आपली दांडी १५-२० ग्रॅम फेकायची.

आता माशाकडून पाहू. शांत पाण्यात माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे सुमारे ९७ अंशांच्या कोनात आकाश, झाड, काठावरचा माणूस सगळं कोंबून बसतं. बाकीचं पाण्याचं छत तळाचं प्रतिबिंब दाखवतं. लाट उठली की ही खिडकी फुटते. हजार तुकडे, सगळे हलते. बेडकाच्या पोटाची सावली त्या तुकड्यांत हरवते. पण काठावर उभा असलेला मीही हरवतो. स्वच्छ पाण्यात मरळ माणसाची सावली पडली तरी बुडी मारते. थोड्या लहरीत तिच्यापासून आठ-दहा पावलांवर उभं राहून आमिष टाकता येतं. आणि तिसरी लपणारी ती स्वतः. शांत पाण्यात मरळ कुठे आहे ते कळतं: हवा घेताना भुप् असा आवाज येतो, वर्तुळ पसरतं, शेवाळ थोडं हलतं. डचमळत्या पाण्यात यातलं काहीच दिसत नाही. लाट तिघांनाही लपवते. गळवाला त्यातल्या एकाच गोष्टीची तक्रार करतो, ल्युअर दिसत नसल्याची. मरळ दिसत नाही ही अडचण मोठी, आणि आपण लपलो ही कमाई, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

डोळे निकामी झाले की मासा अंगावरच्या रेषेवर भिस्त ठेवतो. माशाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेषा असते, ती पाण्याचा हलका धक्काही टिपते. आपल्याकडच्या तळ्यांत, विहिरींत डोक्यावर पांढरा ठिपका असलेला बोटभर मासा अगदी पाण्याच्या पापुद्र्याखाली फिरतो. त्याच्या एका भारतीय जातीवर होर्स्ट ब्लेकमान या जर्मन शास्त्रज्ञाने बरेच प्रयोग केले. पडलेला किडा पाण्यावर धडपडतो तेव्हा बारीक, भराभर येणाऱ्या लहरी उठतात. वाऱ्याच्या लहरी संथ असतात, सेकंदाला मोजक्याच. मासा या दोन्हींत फरक करतो. गळवाल्याने एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी पेटी रिकामी करता येते. संथ डुलणारा ल्युअर वाऱ्याच्या लाटेत मिसळून जातो. भराभर फडफडणारा, खडखडणारा, पाणी कापणारा ल्युअर लाटेच्या गोंगाटातून वेगळा निघतो. दुकानदार याला ‘साउंड’ म्हणून विकतात आणि तेवढ्यापुरतं ते खोटं बोलत नाहीत.

ही पेटी भरली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे गळाच्या मासेमारीवर लिहिण्याची परंपरा जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. कोणत्या माशाला काय चारावं, दोर आणि काठी कशी असावी याची राजेशाही चर्चा त्यात आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये तो भाग अभ्यासकांसमोर आणला. इंग्रजांच्या काळात हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि नंतर तलावातल्या मासेमारीवर वेगळं पुस्तक लिहिलं. तरंगत्या नकली आमिषाचा कारखाना मात्र अमेरिकेतला. मिशिगनमधल्या डोवॅजिक गावच्या जेम्स हेडनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडाचे बेडूक कोरले, असं सांगतात. त्याच कंपनीचा झारा स्पूक १९३९ च्या सुमारास प्लास्टिकमध्ये आला आणि अजून विकला जातो. ओहायोच्या फ्रेड आर्बोगास्टचा जिटरबग १९३८ चा. म्हणजे आज आदिलाबादच्या पोराच्या पेटीत जे आहे, त्याचे मूळ साचे नव्वद वर्षांचे आहेत. आणि ते घडले अमेरिकेच्या संथ तळ्यांवर, बास नावाच्या तिकडच्या माशासाठी. हे विसरायचं नाही.

आपल्याकडे या आधीही बेडूक होताच, जिवंत. लांब वेताची किंवा बांबूची काठी, जाड तंगूस, मोठा गळ आणि पाठीतून अडकवलेला बेडूक. भोई तो शेवाळावर टुणटुण नाचवायचे. अजूनही काही नाचवतात. लाटेत हा जिवंत बेडूक कसा वागतो ते पाहण्यासारखं असतं: तो सरळ काठाकडे किंवा गवताकडे पळतो. लाटेत राहायचं नाही एवढं त्याला कळतं. १९८७ मध्ये सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, कारण शेतातले किडे खाणारा नाहीसा होत होता. मला स्वतःला जिवंत बेडूक टोचायला आवडत नाही, म्हणून रबराचा.

रबराच्या पोकळ बेडकावर थोडं थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त विकला जातो तो हाच, आणि लाटेत सगळ्यात जास्त फसतो तोही. त्याचं शरीर हवेने भरलेलं, वजन १० ते १८ ग्रॅम, पाठीला चिकटलेले दोन गळ वर तोंड करून. मरळीने चावलं की रबर दबतं आणि गळ बाहेर येतात. शेवाळावर, कमळाच्या पानांवर, जलकुंभीवर याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण तो अडकत नाही. उघड्या लाटेत मात्र तो फुग्यासारखा. वारा त्याला ढकलतो, लाट उलटा करते, उलटा झाला की गळ खाली येतात आणि पहिल्या काडीला अडकतात. शिवाय चार-सहा झडपांनंतर दांड्याच्या भोकातून पाणी शिरतं आणि तो बुडतो. दर वेळी पिळून काढावं लागतं.

मी एक उपाय केला आहे. मागवलेल्या एका बेडकाची शिवण दुसऱ्याच रविवारी उसवली. दुकानाने परत घेतला नाही, म्हणून टाकून द्यायच्या ऐवजी ब्लेडने पोटाशी थोडा आणखी चिरला. सायकलच्या मागच्या हबचे पाव इंची छर्रे एकेक सुमारे एका ग्रॅमचे असतात. चार छर्रे शेपटीच्या बाजूला सरकवून चीर गोंदाने बंद केली. घरच्या हौदात सोडला. आधी तो पाण्यावर बसायचा, आता पाण्यात बसला: कंबरेपर्यंत आत, डोकं वर. हाताने लाट मारली तर डोललाच, उलटला नाही. हलवला की खडखड. छर्रे गंजतात, दोन महिन्यांनी बदलावे लागतात, आणि शेवाळावरून ओढताना हा जड बेडूक थोडा आत खुपतो. तरी दोन-तीन बोटांच्या लहरीत विकतच्या हलक्या बेडकापेक्षा तो चांगला चालतो. थायलंडकडून आलेले ‘जंप फ्रॉग’ आता इथेही मिळतात. त्यांच्या शेपटीला धातूची फिरती पाकळी असते. त्यांचंही तत्त्व हेच: थोडं वजन मागे, थोडा आवाज मागे. आग्नेय आशियातही मरळीच्याच जाती पकडतात, म्हणून अमेरिकन बेडकापेक्षा हा जास्त कामाचा, असं माझं मत झालं आहे.

पॉपरच्या तोंडाला वाटीसारखा खळगा असतो. झटका दिला की ते पाणी थुंकतं आणि पक्कन आवाज होतो. शांत पाण्यात छोट्या पॉपरला मधला विश्राम हा जीव असतो: झटका, थांबा, वर्तुळं विरू द्या, पुन्हा झटका. लाटेत विश्रामाला काहीच अर्थ उरत नाही, कारण वर्तुळं विरण्याआधी लाट पुसून टाकते. इथे दोन गोष्टी पाहायच्या. पॉपर थांबलेला असताना कसा बसतो? शेपटी खाली घालून उभा बसणारा लाटेला धरून राहतो, आडवा तरंगणारा गडगडतो. आणि वाटी किती खोल? उथळ वाटी लाटेच्या शेंड्यावर हवेत थुंकते, खोल वाटी पाणी पकडते. झटका द्यायची वेळही शिकावी लागते. लाट पॉपरच्या खाली येऊन त्याला चढवू लागते तेव्हा झटका द्यावा, शेंड्यावर पोचल्यावर नाही. दीड सेकंदाची लाट म्हणजे दर दुसऱ्या लाटेला एक झटका. पहिले दोन रविवार हात चुकतो, मग आपोआप बसतो.

डावी-उजवीकडे नागमोडी चालणारा काडीसारखा ल्युअर, म्हणजे झारा स्पूकची जात, शांत पाण्यावर पाहणाऱ्याचं मन रमवतो. त्याला चालवायला दोरा दर झटक्यानंतर क्षणभर सैल सोडावा लागतो. वाऱ्यात सैल दोरा कमान करतो आणि नागमोड मोडते. लहर बारीक असेल तर साडेचार इंची, वीसेक ग्रॅमचा जड नमुना चालतो. वीतभर लाटेत याच्यावर वेळ घालवू नये. जिटरबगचंही तेच. त्याची रुंद धातूची जिवणी संथ पाण्यावर रात्री डुगडुगत जायला केलेली आहे, वाऱ्याचं पाणी त्याचं घर नाही.

राहिले ते न थांबता ओढायचे. एकात शेपटीचा भाग स्वतःभोवती फिरतो आणि बदबद करत पाणी उडवतो, ‘प्लॉपर’ म्हणतात त्याला. दुसरा बझबेट: तारेवर धातूचं पातं, एकच मोठा गळ. पातं फिरत राहिलं तरच वर राहतो, थांबला की बुडतो. या दोघांना दोऱ्यात सैलपणा लागत नाही, विश्राम लागत नाही, झटक्याची लय लागत नाही. रीळ फिरवत राहायचं. डचमळत्या पाण्यासाठी एकच ल्युअर निवडायला सांगाल तर मी मध्यम आकाराचा प्लॉपर निवडेन, आणि शेवाळ जवळ असेल तर बझबेट, कारण प्लॉपरचे तीन-तीन काट्यांचे गळ गवतात गोळा होतात. यांच्यात सौंदर्य कमी आहे हे मान्य. ट्रॅक्टर चालवल्यासारखं वाटतं.

रंगाबद्दल इतकंच की पेट्यांतले वीस रंग गळवाल्यासाठी असतात. लाटेत आणि पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात काळा किंवा गडद तपकिरी ठोकळा खालून उठून दिसतो. चंदेरी चमक लाटेच्या चमकेत विरते. पोट पांढरं असावं का, यावर लोक तासभर वाद घालतात. मी घालत नाही.

दोऱ्याकडे मात्र लक्ष हवं, कारण लाटेत निम्मे ल्युअर दोऱ्यामुळे बिघडतात. वेणीचा दोरा पाण्यापेक्षा हलका, घनता ०.९७, म्हणून तरंगतो. साधं नायलॉन १.१४, हळूहळू बुडतं. फ्लुरोकार्बन १.७८, धोंड्यासारखा बुडतो आणि तरंगत्या ल्युअरचं नाक खाली ओढतो. तरंगत्या आमिषामागे फ्लुरोकार्बन बांधून पाहिला तर पॉपर थुंकण्याऐवजी बुडी मारतो, आणि माणूस लाटेला दोष देतो. वेणी वापरावी, पण तिला वारा धरतो, म्हणून दांडीचं टोक पाण्यालगत ठेवावं. फेक उंच नको, खालून, सपाट. वाऱ्याच्या दिशेने तिरपं फेकून लाटेच्या विरुद्ध ओढलं तर दोरा ताठ राहतो आणि लाट ल्युअरच्या तोंडावर येते. समोरून आलेल्या वाऱ्यात फेकून लाटेसोबत ओढलं तर लाट मागून गाठते, दोरा सैल पडतो, ल्युअर कोलांट्या घेतो. आणि मरळीने धरलं की ओढायची घाई नको. शांत पाण्यात झडप दिसते आणि हात आपोआप झटका देतो. लाटेत झडप दिसतच नाही, फक्त जडपणा येतो. तो हाताला कळेपर्यंत थांबणं हेच बरं.

एवढं सगळं लिहिल्यावर आता कबुली द्यायला हवी. या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट मला कुठल्याच ल्युअरने शिकवली नाही. सातनाल्याच्या काठावर गेल्या जूनच्या एका दुपारी मी वीतभर लाटेत पॉपर फेकत होतो. पाठीवर ऊन, तोंडावर वारा, खांदा दुखलेला. मागून एक म्हातारे भोई मामा सायकल ढकलत आले, जाळं मागच्या कॅरिअरला गुंडाळलेलं. थोडा वेळ उभे राहिले.

“काऊन मेहनत करून राहिला बाबू?” ते म्हणाले. “मरळ कायले येईन लाटंत? तिले का घर नाही?”

मी म्हटलं, “मग कुठं हाय तिचं घर, मामा?”

त्यांनी हात नुसता उजवीकडे केला. तिथे काठ थोडा आत वळला होता आणि पाण्यात बेशरमाच्या झुडपांची रांग उभी होती, पुढे पाणकणसाचा पट्टा. लाटा तिथवर येत होत्या आणि त्या रांगेत शिरून मरत होत्या. पट्ट्याच्या आतलं पाणी हलत होतं पण फुटत नव्हतं. बाहेरच्या कडेला फेसाची, काड्यांची, मेलेल्या किड्यांची एक पांढरट रेघ साचली होती.

ती रेघ म्हणजे उत्तराचा निम्मा भाग. वारा पाण्यावरचा बारीक जीव वाऱ्यासमोरच्या काठाकडे ढकलतो. त्यामागे बारीक मासळी येते. नैर्ऋत्येच्या वाऱ्यात हा काठ ईशान्येचा. मोकळ्या लाटेत कटला येतो, पण तो गाळून खाणारा, त्याला ल्युअरशी देणंघेणं नाही. रोहू आणि मृगल तर कणकेच्या गोळ्याचे. तेलंगणा सरकारने दरवर्षी तलावांत सोडलेलं बीज बहुतेक याच जातींचं, म्हणजे सरकारी माशांपैकी जवळजवळ कुणीच पाण्यावरच्या ल्युअरकडे पाहणार नाही. पाहणारी मरळ, आणि संध्याकाळी अंधार पडता पडता वर येणारा वाळुगा. मरळ मोकळ्या पाण्यात शिकार करत नाही. ती गवताच्या आत दबून बसते आणि कडेवर लक्ष ठेवते. खवळलेलं आणि निवांत पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथेच तिचं ताट वाढलेलं. तिथे ल्युअर टाकायचा तर तो प्रश्न पुन्हा साधा होतो: बाहेरच्या हलत्या कडेवर बझबेट, आतल्या डुलत्या पाण्यावर जड केलेला बेडूक. आणि मोकळ्या मधल्या पाण्यावर काहीच नाही. पांढरा फेस सगळीकडे फुटत असेल आणि असा आडोसा नसेल, तर पेटीतून न अडकणारा धातूचा चमचा काढून पाण्याखाली अर्धा फूट चालवावा. नाहीतर काठावर चहा प्यावा.

रायगडकडे जिताड्यावर गळ टाकणारा माझा एक मावसभाऊ हेच खाडीच्या भाषेत सांगतो: भरतीचं धावतं पाणी आणि खारफुटीच्या मुळांमागचं थांबलेलं पाणी, त्यांच्या सांध्यावर टाक. माणूस आणि मासा दोन्ही वेगळे, जागा तीच.

काही गोष्टी इथे सांगितल्याच पाहिजेत. चेरूवर मच्छीमार सहकारी संस्थेचा हक्क असतो. आधी विचारावं, बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. कवल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ बाहेरही काढू नये. कडेम जलाशय २०१६ च्या जिल्हा-विभाजनानंतर निर्मल जिल्ह्यात गेला, पण त्याच्या वरच्या अंगाला जंगल सुरू होतं आणि लोक हद्द विसरतात. पावसाळ्यात मरळ घरटं करते, पिल्लं वर तांबूस-नारिंगी झुंडीने फिरतात आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या झुंडीवर ल्युअर टाकला तर पालक भुकेने नाही, रागाने चावतो. हा सोपा मासा आहे. तो काढला की झुंड दोन दिवसांत इतरांच्या पोटात जाते. लाटेत झुंड दिसत नाही, म्हणून विणीच्या दिवसांत आडोशाच्या जागा सोडाव्यात हे बरं. आणि विजेचं: ताशी ३० किलोमीटरचा वारा आणणारे जूनचे ढग वीजही आणतात. कार्बनची दांडी म्हणजे हातात धरलेली विजेची तार. पहिला गडगडाट झाला की दांडी आडवी आणि माणूस घरी.

त्या दिवशी मामांच्या सांगण्यावरून मी बेशरमाच्या रांगेमागे सरकलो. हौदात तपासलेला बेडूक काढला आणि फेसाच्या रेघेच्या आत, पाणकणसाच्या काठाला लावून टाकला. दुसऱ्या फेकीला जडपणा आला, थांबलो, दोरा ताठ झाला, आणि किलोच्या आतबाहेरची मरळ शेवाळाचा भारा घेऊन बाहेर आली. मामांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. त्यांनी बेडूक हातात घेतला, कानाजवळ नेऊन हलवला.

“याच्यात काय भरलं रे?”

“सायकलचे छर्रे, मामा.”

ते हसले. मग बेडूक परत देत म्हणाले, “पुढच्या ऐतवारी येशीन तं दोन-चार घेऊन येजो. माह्या मागच्या चाकात कमी हायेत.”